रूथताईचा मार्च महिना

दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर पापांगीकाराची, म्हणजे पापं कबूल करण्याची प्रार्थना म्हणते, तेव्हाही मी हे एक बाजूला ठेवते. नवऱ्याला सांगितलं नाही, पाळकांना नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही रूथताईला ओळखत नाही, म्हणूनच बहुतेक.

रूथताई माझी मोठी बहीण. नर्स म्हणून इंग्लंडला गेली, तिथलीच नागरिक झाली, तिथेच निवृत्त झाली. मी भिंगारमध्येच राहिले. लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरून देते. ताईचा इथे एक भाड्याने दिलेला फ्लॅट आहे, म्हणून तिचंही रिटर्न मीच भरते. परदेशी नागरिक, अनिवासी. अशा माणसाला आपल्याकडे काही सवलती मिळतात, काही नाही. भाड्यातून दुरुस्तीची वजावट मिळते, देणगीचीही मिळते. पण अपंग आईवडिलांना सांभाळल्याची मिळत नाही — ती फक्त इथे राहणाऱ्यांना.

त्या वर्षी ऑगस्टात आप्पांना, आमच्या वडिलांना, पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. रूथताई सप्टेंबरात धावत आली. औषधं, फिजिओथेरपी, सगळा खर्च तिने उचलला. मी काय करायचे? बाकीचं. दाढी, अंघोळ, आंबील भरवणं. आप्पा माझ्यावर चिडायचे, आंबील थुंकायचे. आणि रूथताई शेजारी बसली की हाच माणूस अर्ध्या ओठांनी हसायचा, तिच्याबरोबर गीतं म्हणायचा, वाटीभर आंबील मुकाट्याने संपवायचा. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही. मी दारात उभी राहून बघायचे. आनंद व्हायचा का? व्हायचा. पण — पुरा नसायचा.

मार्चच्या सुरुवातीचं तिचं परतीचं तिकीट होतं. फेब्रुवारीत एकदा तिने विचारलं, आप्पांवरच्या खर्चाची सूट मला का नाही? मी सांगितलं, एप्रिल ते मार्च या वर्षात सहा महिन्यांहून जास्त राहिलीस तर निवासी धरली जाशील, मग मिळेल. तिचा चेहरा उजळला. सप्टेंबरपासून होतीच की ती इथे.

"मग मी जातच न्हाई," म्हणाली. इतकी वर्षं इंग्लंडात काढून तिचं 'न्हाई' काही गेलं नव्हतं. आप्पांनी डावा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

तेव्हा मी म्हणाले — थांबा, नीट सांगते. मी म्हणाले, पण ताई, निवासी झालीस की तुझी इंग्लंडची पेन्शनही इथल्या करात येईल. त्यापेक्षा ठरल्याप्रमाणे जा, एप्रिल लागला की नवं वर्ष, लगेच परत ये. महिन्याचा तर प्रश्न आहे.

ऐकायला किती शहाणपणाचं, नाही? परदेशात माणसं असलेल्या घरांतून असंच चालतं. सहा महिने भरायच्या आत विमानात बसायचं. रूथताईने एक शब्द उलट विचारला नाही.

चूक झाली असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला पुष्कळ दिवस तेच सांगत होते. पण चूक नव्हती ती. इतकी वर्षं बाहेर राहिलेला माणूस इथे निवासी झाला, तरी सुरुवातीला त्याच्या तिकडच्या पेन्शनला इथला कर लागत नाही. मला हे ठाऊक होतं. त्याच महिन्यात बाहेरून परतलेल्या एका गृहस्थांना मी हेच समजावून, चहा पाजून पाठवलं होतं.

मला ती जायला हवी होती. कायमची नाही हो — एक महिना. मला पाहायचं होतं, ती नसताना आप्पा माझ्याकडे बघून हसतात का. पन्नाशीच्या बाईला असं वाटावं? पण वाटलं.

रूथताई गेली. आप्पा हसले नाहीत. चिडलेही नाहीत, मी भरवलेलं निमूट खाऊ लागले. जन्मभर भिंगारच्या गल्ल्यांना नळाचं पाणी सोडायचं काम केलेला माणूस. वेळेआधी कुणाला पाणी सोडलं नाही, सख्ख्या भावाच्या गल्लीलाही नाही. नियम म्हटला की त्यांच्यापुरतं संपलं. एका दुपारी माझा चेहरा बघून जड जिभेनं म्हणाले, "कायदाच हाय तसा. तुजा काय दोस त्यात? तू हायेस म्हून तिचं नुकसान टळलं." आणि डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

हवं होतं ते मिळालं — असं मिळालं. तेव्हा बोलता आलं असतं. फोन उशाशीच होता, एका शब्दावर रूथताई निघाली असती. मी वाटी उचलून मोरीत नेली.

मार्च संपता संपता आप्पा गेले. दुसऱ्या दिवशी माती द्यायची होती, तिच्यासाठी थांबणं शक्य नव्हतं. तिने सगळं मोबाईलवर पाहिलं. मोबाईल मीच धरला होता. शवपेटीजवळ नेला तेव्हा ती म्हणाली, "जरा खाली धर गं. त्यांचा हात दिसू दे."

त्याला आता काही वर्षं झाली. रूथताई अजून सप्टेंबरात येते आणि सहा महिने भरायच्या आत जाते. तिकडच्या मैत्रिणींना कौतुकाने सांगते, आमची धाकटी कायद्यात पक्की आहे. यंदा ती बॅग भरत असताना मी म्हणाले, ताई, मार्चभर राहा, पेन्शनला काही होत नाही.

"कायदा बदलला व्हय?"

मी हो म्हणाले. कायदा तेव्हाही हाच होता.

तिने लोणच्याची बरणी साडीत गुंडाळून बॅगेत ठेवली, चेन ओढली.

"आता कुनासाठी राहू?" म्हणाली.

मी बॅग उचलून दारात नेली.