न झिजलेला पोपट

दोरीवर आमच्या मुक्ताची विजार वाळते आहे. तिच्या उजव्या गुडघ्यावर हिने जुन्या साडीचा हिरवा पोपट शिवलाय, लाल दोऱ्याच्या चोचीचा. मुक्ता सात वर्षांची. पूर्वी तिच्या विजारीचा गुडघा फार तर तीन आठवडे टिकायचा. ठिगळाचा मासा फाटला, मग कैरी फाटली. "गुडघ्यांवर चालतेस का गं?" म्हणून मी चिडायचो.

पोपट लावला त्याच आठवड्यात तिला ताप आला. ताप उतरला, पण पायांतला जोर घेऊन गेला. आज चौदा आठवडे झाले, पोपटाचा एक टाकाही उसवलेला नाही. कपडा फाटतो तेव्हा आत कुणीतरी धावत असतं, एवढं साधं गणित मला कळलं नव्हतं.

सकाळी मुक्ता अंथरुणातून म्हणाली, "आई, पोपट फाटला की हत्ती लाव हं."

"लावते की," म्हणत हिने हत्ती कापायलाही घेतला.

मी ओली विजार दोरीवरून काढली आणि धुण्याच्या दगडावर तो पोपट घासत बसलो.

"अहो, काय करताय?" हिने दारातून विचारलं.

घासघास घासलं, पण हिची शिवण पक्की आहे. चोचसुद्धा सुटली नाही.