पोलंडला गेलेली तीट

मुलांनो, धाकटीला चित्रकलेचा वर्ग लावल्याचं कळलं. "आपल्या घरात चित्रकार कुणीच नव्हतं ना?" असं तिनं फोनवर विचारलं. घरातलं नव्हतं, पण घरात राहून गेलेली एक होती. माझी आठवण धड आहे तोवर तिच्याबद्दल लिहून ठेवते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बिदरजवळच्या जनवाड्याला इंग्रजी शिकवत होते, तेव्हा ती पोलंडहून आली. बिदरचा किल्ला बघायला निघालेली बाई, आमच्या गावच्या म्हशी बघून थांबली. इंग्रजी बोलणारी म्हणून लोकांनी तिला माझ्याकडं आणून सोडलं. वरची खोली दिली. तिचं इंग्रजी माझ्याहून कच्चं होतं, याचं मला गुपचूप समाधान.

तिचे वडील घरं रंगवायचे. उरलेल्या रंगांवर ती चित्रं काढायला शिकली. पुढं सरकारी प्रकाशनासाठी मुलांच्या पुस्तकांत कोल्हे, बदकं, राजपुत्र काढत राहिली. मग तिकडचं राज्य बदललं, प्रकाशन बंद पडलं, बाहेरच्या चकचकीत पुस्तकांनी दुकानं भरली. आता एकच प्रकाशक उरला होता. मुखपृष्ठ आवडलं तर पुस्तक, नाहीतर चित्रं कायमची बंद.

त्या मुखपृष्ठावर तिनं शेजारच्या अक्काची नात म्हशीवर बसवली. हुबेहूब. पार्सल करायच्या सकाळी ती अंघोळीला गेली आणि अक्का चित्र बघायला वर आली.

"बाई, हिनं तीट कामून न्हाई लावली?"

"अक्का, चित्राला कसली तीट?"

"चित्राला न्हाई, पोरीला. तिकडचा अख्खा मुलूख बघणार हाय हिला."

मी हात धरीपर्यंत एरंडेलात घोटलेल्या काजळाचं बोट चित्रातल्या गालावर टेकलंही. तेल कागदात पसरलं, ठिपक्याभोवती पिवळं कडं उमटलं.

ती ओले केस पुसत आली आणि तोच पंचा तिनं चित्रातल्या ठिपक्याकडं नेला.

"पुसू नको म्हणावं तिला," अक्का मला म्हणाली. "पुसली की दुप्पट लागती."

मी नजर, तीट, सगळं समजावून सांगितलं. तिनं विचारलं, "मग म्हशीला का नाही?"

अक्काला विचारलं. "म्हशीला कोण नजर लावायलंय? ती सगळीच तीट हाय."

हे इंग्रजीत सांगितल्यावर ती खाटेवर बसून हसली. मग उठून तिनं म्हशीच्या गालावर पांढरा ठिपका दिला, चित्रातल्या कावळ्याला दिला, सूर्यालाही काळा दिला. पार्सल गेलं.

उत्तर येईपर्यंत अक्का रोज पोस्टमनला अडवायची. शेवटी पत्र आलं. प्रकाशकाला ठिपके प्रत्येक पानावर हवे होते.

"व्हय, पण नाव तिचंच छापतील," अक्का म्हणाली. "तीट माझी."

पुढं ती पोलंडला परतली आणि डोळे थकेपर्यंत पुस्तकं करत राहिली.

आता ती नाही, अक्काही नाही. ते पुस्तक माझ्या कपाटात आहे. त्यातल्या पोलिशचा एकही शब्द मला कळत नाही. चित्रं मात्र तिटेसकट शाबूत आहेत.