बिनदेवाची पोरं

परभणीला कॉलेजात आलो तेव्हा निजाम जाऊन काही वर्षं झाली होती. वसतिगृहात देव न मानणारे आम्ही तिघेच. गणपतीच्या आरतीला उठायचं नाही असं ठरवलं आणि बसून राहिलो. पोरांनी आम्हाला खोलीतून ओढून काढलं, चपला-पट्ट्यांनी बडवलं. एकाचा दात पडला, माझं डोकं फुटलं. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीत चार नवी पोरं येऊन बसली! पुढच्या मारामारीनंतर आणखी आली. पुस्तक वाचून कुणी बिनदेवाचा झाला नाही, आमचं रक्त बघून झाले. सगळ्या जातींची पोरं एका परातीत जेवायला लागली, मारणाऱ्यांना खरा राग त्याचाच होता.

माझं डोकं फुटलं त्याच आठवड्यात झरीकडच्या आमच्या गावाहून बा आला. मेंढरं राखणारा माणूस. खांद्यावर घोंगडी, एका हातात काठी, दुसऱ्यात बोकडाची दोरी. मी मॅट्रिक पास झालो तर बोकड देईन, असा नवस तो गावच्या देवीला बोलला होता आणि तो फेडायला मी सोबत हवा होतो. माझ्या डोक्याची पट्टी बघून तो पांढराफटक पडला.

"देवी कोपायलीय. चल, आजच फेडू."

"मी येणार नाही. देवी-बिवी काही नसते, बा."

काठी अशी बसली की जखम पुन्हा वाहायला लागली. तो मारतच सुटला. पाठीवर, नडगीवर, लागेल तिथं. मारता मारता रडत होता. मला त्याची भयंकर चीड आली, पण मी मागं सरलो नाही. मित्रांनी काठी हिसकावून त्याला भिंतीशी दाबलं. एकानं त्याची गचांडी धरली, तेव्हा मात्र मी त्या मित्राच्याच कानाखाली वाजवली.

"ती तुला जितं ठिवायची न्हाई रे," बा धापा टाकत म्हणाला. मग त्यानं दोरी उचलली. "म्या तिला सांगतो, हे लेकरू माझं न्हाई. मंग ती तुला हात लावायची न्हाई."

देवीशी खोटं बोलायला तो एकटाच परत गेला. पुढं मी गावी जायचो तेव्हा मी कोण हे सगळ्यांना ठाऊक असूनही तो सांगायचा, "परभणीचा पाव्हणा हाय," आणि माझ्या ताटात दूध ओतायचा. मरेपर्यंत त्यानं मला लेकरा म्हणून हाक मारली नाही.