पूल वाजवणारा

कल्पना करा, पायाखाली खोल नदी आहे, हातात छोटा हातोडा आहे आणि लोखंडी पुलाच्या पट्ट्या जोडणाऱ्या एकेका रिव्हेटच्या गोल डोक्यावर तुम्ही टोला मारताय. टण्ण वाजलं तर घट्ट, थप्प वाजलं तर सैल. काम एवढंच. आता अशी कल्पना करा, की टण्ण आणि थप्प यांतला फरक हल्ली तुम्हाला नीट ऐकूच येत नाही.

गोऱ्या साहेबांच्या अमदानीतल्या पुलाचा तपासनीस बरेच दिवस हेच दुखणं लपवून होता. गावात त्याला सगळे टणटण्या म्हणत. गाव लहान, समुद्रापासून लांब; पण साहेबांनी तिथे छावणी वसवली होती. जुन्या बराकी आणि घड्याळाचा मनोरा बघायला दर रविवारी पर्यटकांची बस यायची, ती याच पुलावरून. कान गेला म्हटलं तर नोकरी जाणार, म्हणून तो तोंडाला कुलूप लावून होता. बायकोला मात्र सुगावा लागला होता.

"भाजी आणा म्हटलेलं ऐकू येत नाही, आणि शेजारी चहा उकळला की बरोब्बर येतं!"

त्या रविवारी मधल्या सांध्यावरच्या एका रिव्हेटवर त्याने टोला मारला. काहीच कळेना. पुन्हा मारला. अशा वेळी दुसऱ्या माणसाने पलीकडच्या डोक्यावर बोट ठेवायचं असतं. रिव्हेट सैल असलं तर बोटाखाली थरथरतं. पण त्याचा हात पलीकडे पोचेना, आणि बस यायची वेळ झालेली. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली.

"जरा वाक आणि इथे बोट ठेव."

"मी? अहो, फटीतून पाणी दिसतंय!"

"पाण्याकडे नको, माझ्याकडे बघ."

"तुमच्याकडे बघून कुणाला धीर आलाय आजवर?" असं म्हणत तिने डोळे मिटले आणि बोट टेकवलं. त्याने टोला मारला.

"हललं!"

"नक्की?"

"कान तुमचा गेलाय, माझं बोट शाबूत आहे."

लाल झेंडा घेऊन तो धावत पुलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. बस करकचून थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली.

"काय रे टणटण्या, पूल तुझ्या काकाने बांधलाय का?"

"काकाने बांधला असता तर अडवलीच नसती. माणसं चालत जाऊ देत, बस इथेच राहील."

ड्रायव्हर काय काय बोलला, ते सुदैवाने त्याला अर्धंच ऐकू आलं. पर्यटक कुरकुरत उतरले आणि फोटो काढत पलीकडे गेले. त्याने कचेरीत फोन केला. उद्या इंजिनीअर यंत्र घेऊन येतो, असं उत्तर आलं. रिव्हेट घट्ट निघालं तर बस का अडवली ते विचारतील, आणि कानाचं बिंग फुटेल. सैल निघालं तर? तर याआधी अशी किती रिव्हेटं आपण घट्ट समजून सोडली?

कठड्याला टेकून बायको डबा उघडत होती. झाकण काही निघेना. तिची बोटं अजून कापत होती. तो त्या बोटांकडे बघतच राहिला. मघाशी थरथरलं ते रिव्हेट, की हिचं बोट?