सुईचा ओव्हरटाइम

१९५० च्या दशकाच्या अखेरीस, उन्हाळ्यातल्या एका सकाळी, पिंपरीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लिहून दिलेले इंजेक्शन मी रुग्णाला दिले नाही. मी तिथे नर्स होते. औषध लिहिणे किंवा बदलणे माझ्या अधिकारात नव्हते.

रुग्ण ज्ञानोबा. घर चिखलीला, काम लेथ मशीनवर. क्षयामुळे तो रजेवर होता. रोज स्ट्रेप्टोमायसीनची एक सुई आणि गोळ्या, असा उपचार होता. हे औषध क्षयावर गुणकारी. मात्र प्रमाण वाढले तर कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारा जो भाग असतो, त्याला ते इजा करते. काहींना बहिरेपण येते आणि ते जात नाही.

त्या दिवशी ज्ञानोबा भिंतीला हात लावत आत आला. उन्हाने गरगरतंय, म्हणाला.

एकाच जागी रोज टोचले तर गाठ होते, म्हणून आम्ही बाजू बदलतो. आदल्या दिवशी मी उजवीकडे टोचले होते. आज डावीकडे सुईची ताजी खूण दिसली. ती माझी नव्हती.

"ही कुणी दिली?"

"आळंदीच्या डाक्टरनं. सांजच्याला जातो. हितं सुई घेतो ते त्यांना ठावं न्हाई."

"दोन कशाला?"

"बाई, ओव्हरटाइम केला की काम लवकर उरकतं. माझं मशीन दुसऱ्याला दिलं, तर आमी खायचं काय?"

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांकडे गेले. बाहेर रांग होती. ते वैतागले.

"लिहिलेलं द्यायचं, सिस्टर. उपचारात खंड पडला तर आजार उलटेल."

तो भिंत धरून आला आणि अंगावर आळंदीच्या सुईची खूण आहे, हे दोन्ही मी त्यांना सांगितले. ते लगेच उठले. त्यांनी ज्ञानोबाला पाय जुळवून, डोळे मिटून उभे केले. तो एका बाजूला कलला. मी धरले.

सुई बंद झाली, गोळ्या चालू राहिल्या. दुपारी डॉक्टर स्वतः आळंदीला गेले. तिथली सुईही थांबली. ज्ञानोबाने मशीनबद्दल मॅनेजरना विचारले तेव्हा ते म्हणाले, बरा होऊन ये, जागा आहे.

पुण्यात कान तपासले. ऐकणे शाबूत होते. चक्कर हळूहळू कमी झाली, तरी अंधारात चालताना त्याला आधार लागायचा. म्हणून क्षय बरा झाल्यावर त्याला लेथऐवजी बसून करायचे काम, दिवसपाळीत, मिळाले.

दरम्यान, सुई देण्याआधी प्रत्येकाला "आणखी कुठं औषध घेता का?" असे विचारायला डॉक्टरांनी मला सांगितले होते. काहींनी हो म्हटले.

कामावर रुजू झाल्यावर ज्ञानोबा एकदा खोकणाऱ्या चुलतभावाला घेऊन दवाखान्यात आला. मी काही विचारण्याआधीच त्याने भावाला पुढे केले.

"सांग बाईंना, गावात काय काय घेतलंस. समदं सांग."

भावाने सांगितले.