पलीकडच्या काठावरची मोजणी

शिस्टर गेल्याचा निरोप मोबाईलवर आला तेव्हा मी चिखलीच्या एसटी स्टँडवर बुलढाण्याच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. पक्षी मोजणाऱ्यांचा आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप आहे. त्यावर कुणीतरी त्यांचा जुना फोटो टाकला होता आणि खाली दोन ओळी. खरं सांगायचं तर मला आधी दुःख झालं नाही, शंका आली. निरोप कुणी टाकला, त्याला कुणी सांगितलं, हे मी आधी पाहिलं. आठच दिवसांपूर्वी त्या मला बाजारात लसूण निवडताना दिसल्या होत्या, चांगल्या ताठ उभ्या होत्या. मी दुसऱ्या गल्लीने निघून गेलो होतो. त्यांच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "हो सर, खरं आहे. सकाळी चहा पीत बसल्या होत्या, तिथेच गेल्या." बुलढाण्याची गाडी आली आणि गेली. मी तसाच उभा राहिलो...

विमल तायडे हे नाव वाचून आमच्या भागातल्या फार थोड्यांना काही कळेल. शिस्टर म्हटलं की उंद्रीपासून धरणाच्या पलीकडच्या वाड्यांपर्यंत सगळ्यांना कळतं. तीस-बत्तीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. लशींची पेटी खांद्याला लावून पायी फिरायच्या. सुरुवातीच्या काळात त्यांचं पांढरं पातळ बांधावर दिसलं की घरांची दारं लागत. बाई कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केसेस शोधत हिंडते, अशी बोलवा होती. एका सासूने तर दोन्ही सुनांना कडब्याच्या गंजीमागे लपवलं होतं. शिस्टर ओट्यावर बसून राहिल्या, पाणी मागून प्यायल्या, सासूच्याच गुडघेदुखीची चौकशी केली आणि उठून गेल्या. तिसऱ्या खेपेला सुना स्वतःहून बाहेर आल्या. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. "सर, मानसाले आपल्याबद्दल शंका आली ना, त इलाज एकच हाय," त्या म्हणायच्या. "पुन्हा जा लागते." तेव्हा हे वाक्य मला कौतुकाचं वाटलं होतं. माझ्यासाठीही त्यात काही असेल असं मनात आलं नाही.

मी उंद्रीच्या शाळेत भूगोल शिकवत असे. एका हिवाळ्यात त्या शाळेत आल्या, पोरांना लस देऊन झाल्यावर शिक्षक-खोलीत थांबल्या आणि विचारू लागल्या की धरणावर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेलं हंसासारखं पाखरू उतरतं, ते कुठून येतं. मला माहीत नव्हतं. बाई आपली परीक्षा घेते आहे की काय, असंही वाटलं. पुस्तक मागवून पाहिलं तर ते पट्टकदंब निघालं. हिमालय ओलांडून येणारं, आमच्या धरणाच्या काठावर हरभऱ्याचा कोवळा पाला खाणारं. हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "येवढ्या दुरून येते, आन आपल्याले त्याचं नावबी माईत नाई."

तिथून आमची दर जानेवारीतली मोजणी सुरू झाली. बुलढाण्याहून चार-पाच जण येत, चिखलीचे दोघे-तिघे. ज्यांनी आमचं धरण पावसाळ्यात फोटोसाठी पाहिलं आहे त्यांना जानेवारीतल्या सकाळचं वारं ठाऊक नाही. पठारावरून येणारं ते वारं उघड्या पाण्यावर आलं की लाटा उठतात, भिंतीच्या दगडांवर आपटतात, दुर्बीण हातात स्थिर राहत नाही आणि डोळ्यांतून पाणी गळतं. समुद्र न पाहिलेल्या माणसाने तिथे उभं राहावं. भिंतीकडचा काठ आम्ही घेत असू. पलीकडचा काठ शिस्टरांचा. तिकडच्या वाड्या त्यांच्या ओळखीच्या, त्या आदल्या दिवशीच जाऊन कुणाकडे तरी मुक्काम करत आणि दुपारी कागद आणून देत. एकट्या मोजत. सोबत साक्षीदार नसे, फोटो नसे. माझ्या स्वभावाला हे पहिल्यापासून खुपत होतं.

एका वर्षी त्यांनी कागदावर चार कुरव लिहून आणले. कुरव हा समुद्राकाठचा पक्षी, तो इथे कशाला येईल, म्हणून मी ती ओळ खोडली. त्यांच्यादेखत खोडली. पुढच्या हिवाळ्यात बुलढाण्याच्या मुलांना भिंतीजवळच कुरव दिसले, त्यांनी फोटो काढले. मी शिस्टरांना ते सांगितलं, थोडा ओशाळूनच सांगितलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "मंग आता माह्येबी खरे झाले." एवढंच. मी खोडलेली ती ओळ मात्र पुन्हा लिहिली नाही, आणि त्यांनीही लिहा म्हटलं नाही.

पलीकडच्या काठावर वेगळीच शंका होती. धरणात ज्यांची जमीन बुडाली ते लोक पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात हरभरा पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात. तेवढाच त्यांचा हिवाळा. कुणीतरी उठवलं की पाखरं भरपूर निघाली तर सरकार इथे अभयारण्य करणार आणि गाळपेर बंद होणार. मारुतीच्या पारावर बैठक बसली. आम्हाला बोलावलं होतं. एक म्हातारा शिस्टरांना म्हणाला, "बाई, तू आंधी आमचे लेकरं मोजले. मंग म्हने दोनच पुरे. आता पाखरं मोजून राह्यली. मंग काय म्हनशीन?" लोक हसले, पण ते हसणं सरळ नव्हतं. मी उठून कायदा सांगू लागलो. शिस्टरांनी माझी बाही ओढून मला खाली बसवलं. त्या म्हणाल्या की पुढे काय होईल ते मला माहीत नाही, पण तुमच्यापासून लपवून मी काही मोजणार नाही. म्हाताऱ्याचं समाधान झालं नाही. खरं तर माझंही झालं नाही. या बाई नक्की कुणाच्या बाजूच्या, हा प्रश्न त्या पारावरून मी घरी घेऊन आलो.

मग चार हिवाळ्यांपूर्वीची ती मोजणी. मोजणीच्या दोन दिवस आधी मी भिंतीवरून मोठ्या दुर्बिणीतून पलीकडे पट्टकदंब पाहिले होते. शंभराच्या वर नक्की होते. मोजणीच्या दिवशी शिस्टर तासभर उशिरा आल्या. पातळाचा काठ चिखलाने भरलेला, चेहरा उतरलेला. कागदावर पट्टकदंबांपुढे आकडा होता चौतीस.

मी सगळ्यांसमोर विचारलं की बाकीचे कुठे गेले. त्या म्हणाल्या, "मी मोजले तेवढे लिवले."

"मोजले तेवढे, की कोणी सांगितले तेवढे?" मी म्हणालो.

बुलढाण्याची मुलं खाली पाहू लागली. शिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही... एखाद्या पेशंटचा ताप उतरेल की नाही याचा अंदाज घ्यावा तसं पाहिलं. पेनाचं टोपण लावलं, स्टोल डोक्याला गुंडाळला आणि एसटीच्या रस्त्याला लागल्या. मला वाटलं, माझं खरं निघालं. गाळपेरवाल्यांनी बाईला गाठलं, चहा पाजला आणि आकडा खाली आणवला.

त्यानंतरही त्या दर वर्षी आल्या. कागद माझ्या हाती न देता दुसऱ्याकडे देत. मी त्यांच्या मागे, त्यांना न सांगता, दुसऱ्या माणसाला त्याच काठावर मोजायला पाठवत असे. दोनदा आकडे तंतोतंत जुळले, एकदा एका पाखराचा फरक पडला. तो फरक मी मनात जपून ठेवला. आज लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

तेराव्याला मी त्यांच्या भाच्याच्या घरी गेलो. दाराशी एक जोडपं अंग चोरून बसलं होतं. जेवणं झाल्यावर ती बाई माझ्यापाशी आली आणि धरणावरचे मास्तर तुम्हीच का, असं विचारू लागली. यांना माझ्याकडून काय हवं असेल, असा विचार माझ्या मनात आलाच. ती कमलबाई होती, पलीकडच्या काठावरची, आणि मागे उभा असलेला तिचा नवरा गजानन. त्यांची तिन्ही लेकरं शिस्टरांच्या हाताने झालेली. तिने जे सांगितलं ते हलक्या आवाजात, मध्ये मध्ये थांबत सांगितलं. त्या वर्षी पट्टकदंबांनी त्यांचा निम्मा हरभरा खुडून टाकला होता. डबे वाजवले, बुजगावणी लावली, पाखरं हटली नाहीत. शेवटी गजाननने फवारणीचं औषध ज्वारीला चोळलं आणि ते दाणे काठाने टाकले. मोजणीच्या दिवशी उजाडता उजाडता शिस्टर तिथे पोचल्या तेव्हा अकरा पाखरं मरून पडली होती. बाकीची बहुतेक उडून गेली होती.

"आमाले वाटलं, आता पोलीस येईन," कमलबाई म्हणाली. "शिस्टरनं पयले इचारलं, लेकरं कुठी हायेत. त्यायनं दाने हाती त नाई घेतले?"

मग शिस्टरांनी हातांना खताच्या पिशव्या बांधल्या. पडलेले दाणे एकेक वेचायला लावले. कुत्र्यांनी, घारींनी खाऊ नये म्हणून खोल खड्डा खणून घेतला आणि अकराही पाखरं स्वतः त्यात ठेवली. सगळ्यांना साबणाने तीन-तीनदा हात धुवायला लावले. हे सगळं झाल्यावर उरलेली पाखरं मोजली आणि कागद भरला. निघताना गजाननला म्हणाल्या, "तुह्यं नाव सांगनं माह्या हाती हाय. सांगत नाई. पन आजपासून हे पाखरं तुह्यावर. किती आले, किती गेले, दर आठ दिवसाले मले फोन कर."

आणि त्याने केला. चार हिवाळे.

मी तिथून बाहेर पडलो तो निवळून नाही, संतापून. अकरा मेलेली पाखरं बाईंनी कागदावर का आणली नाहीत? चौतीस हा आकडा खोटा नव्हता, पण पूर्णही नव्हता. त्यातून नवीनच शंका उभी राहिली. गेली चार वर्षं त्या काठाचे आकडे कुणाचे होते, शिस्टरांचे की विष टाकणाऱ्या माणसाचे? आणि कमलबाईने सांगितलं तेवढंच झालं असेल हे तरी कशावरून? रात्री अंथरुणावर मात्र एक गोष्ट टाळता आली नाही. त्या सकाळी त्यांनी मला सगळं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? दुपारच्या आत वनखात्याला फोन. गजानन आत गेला असता. त्या काठावर पुन्हा कुणी आम्हाला पाय ठेवू दिला नसता, आणि पुढच्या वर्षी विष कुणी टाकलं हे कळायलाही कुणी उरलं नसतं. शिस्टरांना हे माझ्याबद्दल माहीत होतं. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला नाही. टाकण्यासारखा मी नव्हतोही... त्यांचं बरोबर होतं का? मेलेल्या पाखरांच्या बाजूने मला अजून हो म्हणवत नाही.

या जानेवारीत पलीकडचा काठ कुणी घ्यायचा हे ठरवायची वेळ आली. मी घेतला. इतक्या वर्षांत त्या काठावर मी पहिल्यांदाच सकाळ पाहिली. वारं असं होतं की टोपी हाताने धरावी लागे. पाण्याच्या रेघेपासून वर गाळाची काळी जमीन, तिच्यावर हरभऱ्याचे हिरवे पट्टे, आणि शेवटच्या पट्ट्यात पट्टकदंब चरत होते. गजानन बांधावर आधीच येऊन उभा होता. कमलबाई थोडी मागे. रामराम झाला. तो माझ्या दुर्बिणीकडे पाहत होता, मी त्याच्या हातांकडे.

मी मोजले. एकसष्ट. पुन्हा मोजले, एकसष्टच. गजानन उघड्या डोळ्यांनी बघत होता आणि त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता, ओठ हलत होते. शिस्टर अशाच मोजायच्या. गोळ्या मोजतानाही आणि पाखरं मोजतानाही. त्याचा अंगठा थांबला.

"चौसष्ट," तो म्हणाला.

मी एकसष्ट सांगितले. त्याने मान हलवली. "तीन बसेल हायेत, त्या ढेकळायच्या मांगं. मान खाली हाय त्यायची."

माझा विश्वास बसला नाही. मी दुर्बीण डोळ्याला लावून उभा राहिलो, पाच मिनिटं, दहा मिनिटं. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं. मग ढेकळांमागून एक मान वर आली. पाठोपाठ दुसरी. तिसऱ्याला आणखी वेळ लागला, पण तीही आली.

मी कागदावर चौसष्ट लिहिले. खाली मोजणाऱ्याच्या नावाची जागा असते. मी गजाननला त्याचं पूर्ण नाव विचारलं. तो एकदम दोन पावलं मागे सरला.

"काऊन? नाव कायले पाह्यजे?"

मी म्हणालो, मोजणाऱ्याचं नाव लिहावं लागतं, आणि चौसष्ट तुम्ही मोजले आहेत. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग बायकोकडे. शेवटी त्याने बापाच्या नावासकट, आडनावासकट नाव सांगितलं. मी लिहिलं. तेवढ्याने त्याचं भागलं नाही. जवळ येऊन तो कागदावर वाकला आणि म्हणाला, "वाचून दाखवा."

वाऱ्यात कागद फडफडत होता. मी तो दोन्ही हातांनी धरला, आधी आकडा वाचला, मग त्याचं नाव वाचलं, सावकाश.

"हाव," तो म्हणाला.