न दाखवलेला नकाशा

वेंगुर्ल्याच्या हायस्कुलात मी भूगोल शिकवायचो आणि माझा मित्र इतिहास व नागरिकशास्त्र. तो बांद्याकडच्या खेड्यातला, काजूच्या बागेत वाढलेला. मी इथलाच, बंदराजवळचा. एकाच वर्षी आम्ही नोकरीला लागलो. त्याचा पगार माझ्याइतकाच, मार्क तर माझ्याहून कमीच. तरी मी त्याच्यावर जळायचो. तो बोलायला उभा राहिला की माणसं हातातलं काम टाकून ऐकत.

दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयात तो देशाच्या बातम्या समजावून सांगे. चीनशी मैत्रीचे ते दिवस.

"शेजारी मोठो आसा, म्हणान आपण दार लावून बसाचा काय?" तो विचारी. "तेच्यावांगडा बोलाचा. भांडण झाला तरी बोलानच मिटवचा."

मग तो सांगे, की नव्या देशाला बंदुकांपेक्षा शाळा आणि धरणं हवीत. जगातल्या दोन्ही गटांपासून दूर राहायचं तर शेजारी तरी आपला असला पाहिजे. पहिल्या रांगेत बसणारा एक म्हातारा तांडेल, जन्मभर गलबतं हाकलेला, मान डोलवायचा.

त्याच्या पाठीमागे टांगलेला आशियाचा नकाशा मी काढलेला असे. तीन-तीन रात्री जागून रंगवलेला. एकदा त्याने भरसभेत माझं नाव घेतलं. टाळ्या पडल्या, पण त्याही त्याच्या मोठ्या मनाला.

वाचनालयात चीनहून एक सचित्र मासिक येई, गुळगुळीत कागदाचं. लोक चित्रं बघत; मी नकाशे बघायचो. एका अंकात सरहद्दीची रेघ खाली सरकलेली दिसली. ईशान्येकडचे आपले डोंगर आणि लडाखचा एक कोपरा त्यांच्या रंगात होता. मी दोनदा पडताळून पाहिलं. मित्राला सांगावं म्हणून अंक पिशवीत घातला आणि निघालो. वाटेत तो दिसला, भोवती पाचसहा माणसं, सगळी हसत. मी रस्ता ओलांडून घरी गेलो. बोलू दे त्याला, म्हटलं. चढू दे आणखी वर.

पुढे सरहद्दीवर चकमकी झाल्या, तसं त्याचं बोलणं बदललं. मैत्री ठेवू, पण डोंगरात चौक्याही बसवू, असं आता सरकारचं धोरण आहे, हे त्याने सांगितलं. तो अंक मी पेटीतच ठेवला. मग बासष्टच्या पावसाळ्यानंतर लढाई पेटली आणि आपली माणसं मागे रेटली गेल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

त्या शनिवारी वाचनालयात उभं राहायला जागा नव्हती. तो बोलायला उठण्याआधीच मी उठलो. जुना अंक उघडून धरला.

"हा त्यांचाच नकाशा. आपले डोंगर त्यांनी केव्हाच स्वतःचे म्हणून छापले होते. आणि हे मास्तर आपल्याला मैत्री शिकवत होते!"

कुजबुज सुरू झाली. मित्राचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात तांडेल उठला. "मास्तरानू, ह्यो नकाशो तुमका कधी गावलो?"

खोटं सुचलं नाही. "चार वर्षं झाली."

"खडक दिसलो तर गलबतावरच्या वांगडच्यांका सांगूक नको?" एवढंच बोलून तो खाली बसला.

मित्र म्हणाला, "चूक माझी. भाषणं देणाऱ्याने नकाशेही बघायला हवेत." बाहेर पडल्यावर मात्र मला एकट्याला गाठून म्हणाला, "माका आदी सांगूक होया होता रे." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

काही दिवस शनिवारचं बोलणं माझ्याकडे आलं. मी अक्षांश-रेखांशांसकट सगळं बिनचूक सांगितलं. तिसऱ्या शनिवारी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

वर्षभराने लोकांनी त्यालाच परत बोलावलं. आधी काय सांगितलं होतं आणि त्यातलं काय फसलं, इथूनच त्याने सुरुवात केली. आता सैन्य वाढवायचं, डोंगरात लढणाऱ्या पलटणी उभारायच्या, ज्यांच्याकडून शस्त्रं घ्यायला कचरत होतो त्यांच्याकडूनही घ्यायची, तरी कुणाच्या गटात जायचं नाही, ही कसरत देश कशी करतो आहे ते त्याने उलगडून सांगितलं. लोक पूर्वीपेक्षा मन लावून ऐकत होते. मी बरोबर ठरलो होतो आणि माझी कुणाला गरज नव्हती. तो चुकला होता आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास वाढला होता. मी शेवटच्या रांगेत बसून जळत होतो.

काही वर्षांनी तो मालवणला हेडमास्तर होऊन गेला. निरोपाच्या दिवशी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी खरंच दोनच बोललो.

घरी बायकोने विचारलं, "कसो झालो कार्यक्रम?"

"बरो झालो."

"ते बोलले?"

"तो बोललो. सगळी रडली."

"आणि तुमी?"

मी पाय धुवायला मागल्या दारी गेलो.